यानाच्या भिंतीत शिरलेला उजेड

नाशिकला आमच्या नाट्यगटात सध्या अंतराळयानात घडणारी एकांकिका बसते आहे. पहिल्या तालमीला चंदेरी रंग मारलेले फ्लॅट, म्हणजे नेपथ्याच्या सपाट चौकटी, उभ्या केल्या, समोरून स्पॉट सोडले आणि दिसली ती नुसती पत्र्याची खोली. रंग ठीक होता. उजेड चुकीच्या जागेवरून येत होता.

सिनेमालाही ही जागा सापडायला बरीच वर्षं लागली. फ्रेंच दिग्दर्शक जॉर्ज मेलिएसनं १९०२ साली पडद्यावर तोफेच्या गोळ्यात बसवून माणसं चंद्रावर धाडली, ती काचेच्या स्टुडिओतून. छपरातून ऊन यायचं, मागे रंगवलेले पडदे असायचे. काचेतून ते सगळीकडे सारखं पसरायचं, म्हणून खोलपणा आणि सावल्याही कुंचल्यानंच काढलेल्या. आपले त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके त्याच पिढीचे; चित्रकलाही शिकलेले, जादूचे प्रयोगही करणारे. १९१३ पासून नाशकात त्यांचे चित्रपट तयार होऊ लागले, तेव्हाही मुख्य दिवा सूर्यच होता.

१९६६ साली टीव्हीवर ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळयानात घडणारी मालिका आली. पैसा बेताचा, म्हणून करड्या भिंतींवर रंगीत जिलेटिनमधून, म्हणजे दिव्यापुढे लावायच्या पारदर्शक कागदातून, प्रकाश टाकत. एकच भिंत कधी जांभळी, कधी हिरवी. नाटकवाल्यांना ही युक्ती नवी नाही. पण दिवे अजून भिंतीच्या बाहेरच होते.

खरं वळण १९६८ चं. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटासाठी दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकनं सुमारे ३८ फूट व्यासाचं, ३० टनांच्या आसपास वजनाचं फिरतं चाक बांधून घेतलं. नट आतून चालायचा आणि चाक त्याच्या पायाखालून सरकायचं. आता जमीनच फिरून छत होणार असेल, तर दिवे टांगायचे कुठे? ते सेटमध्येच बसवावे लागले. मला हा सगळ्या इतिहासातला सर्वांत सुंदर भाग वाटतो: अडचणीतून आलेली सोय पुढे यानाची ओळख झाली. उजळलेल्या भिंती पाहिल्या की आज कुणालाही यानच आठवतं.

१९७९ च्या ‘एलियन’नं तेच तंत्र अंधाराकडे नेलं. बोळांना खरीखुरी, बुटकी छतं घातली आणि भिंतींवर जुन्या विमानांचं भंगार चढवलं. छत आलं की वरचे दिवे गेले. उरले ते पॅनेलमधले, जाळीआडचे. भंगाराचे उंचवटे बाजूच्या प्रकाशात सावल्या धरतात, म्हणून ते यान वापरलेलं, घामट वाटतं. नाशिकजवळच्या ओझरला एचएएलच्या कारखान्यात मिग विमानं बांधणाऱ्यांना त्या भिंती परक्या वाटल्या नसत्या.

यानाबाहेरचा उजेड मात्र वेगळा. हवा नसल्यानं तो विखुरत नाही. उन्हाची बाजू लख्ख, सावली काळीकुट्ट. २०१३ च्या ‘ग्रॅव्हिटी’त नटांना सुमारे १८ लाख एलईडींच्या पेटीत ठेवून पृथ्वीचा परावर्तित प्रकाश त्यांच्या चेहऱ्यावर फिरवला होता.

आमचं बजेट प्लायवूडचं. फ्लॅटना उभ्या खाचा पाडल्या, मागून बटरपेपर लावून एलईडी पट्ट्या बसवल्या, समोरचे स्पॉट डिमरवर अगदी खाली आणले. कंट्रोल पॅनेलचा निळसर उजेड आता खालून येतो आणि कॅप्टनच्या डोळ्यांखाली सावली पडते. छताचं तेवढं अजून ठरायचंय.