चौथ व सरदेशमुखी

मराठ्यांनी मोगलांच्या मुलखातून वसूल केलेले दोन हक्क. चौथ म्हणजे ठरीव सरकारी साऱ्याचा चौथा हिस्सा, शेकडा २५. सरदेशमुखी म्हणजे शेकडा १०. दोन्ही नावे जोडीने घेतली जात असली तरी दोन्हींची जात वेगळी आहे. सरदेशमुखी हे वतन होते. दक्षिणेतील सर्व देशमुखांचा प्रमुख या नात्याने छत्रपती ते स्वतःचे म्हणून मागत. चौथ हे वतन नव्हते. फौजेच्या जोरावर मिळणारा तो राजकीय हक्क होता आणि त्याच्या बदल्यात फौजेची चाकरी देण्याची जबाबदारी अंगावर येई.

चौथाईचा प्रघात मराठ्यांच्या आधीचा आहे. दमणच्या पोर्तुगीज परगण्यातील गावे रामनगरच्या कोळी राजाला उपद्रव न व्हावा म्हणून उत्पन्नाचा ठरावीक भाग देत, त्यावरून त्या राजाला ‘चौथिया’ म्हणत. १६७२ मध्ये रामनगर घेतल्यावर शिवाजी महाराजांनी तोच हक्क पोर्तुगीजांकडे मागितला. पुढे मोगली मुलखात मागणी वाढत गेली, पण ५० वर्षे तिला बादशाही सनद नव्हती. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले. त्यानंतर दख्खनचा मोगल नायब सुभेदार दाऊदखान पन्नी याने काही काळ चौथ देण्याचे तोंडी मान्य केले. निजामुल्मुल्क दख्खनच्या सुभेदारीवर येताच त्याने ती व्यवस्था मोडली. तोंडी कराराची किंमत सुभेदार बदलेपर्यंतच असते, हे तेव्हा साताऱ्याच्या मराठी दरबाराला पुरते उमगले.

१७१५ मध्ये सय्यद हुसेन अली दख्खनचा सुभेदार झाला. दिल्लीत बादशहा फर्रुखसियर त्याच्या जिवावर उठला होता आणि दक्षिणेत मराठे त्याला स्वस्थ बसू देत नव्हते. १७१८ मध्ये शंकराजी मल्हार यांच्या मध्यस्थीने बाळाजी विश्वनाथ पेशव्याशी त्याचा तह ठरला. शिवाजी महाराजांचे स्वराज्य शाहूंना परत, आणि खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, बीदर, विजापूर व हैदराबाद या ६ सुभ्यांची चौथ व सरदेशमुखी. बदल्यात वर्षाला १० लाख रुपये पेशकश (बादशहाला द्यायची खंडणी), चौथीपोटी १५,००० स्वार सुभेदाराच्या चाकरीस, सरदेशमुखीपोटी चोर-दरोडेखोरांचा बंदोबस्त व चोरीच्या मालाची भरपाई. येसूबाई व इतर कैदी सोडावेत, हेही कलम होते.

फर्रुखसियरने हा तह मानला नाही. तेव्हा सय्यदाबरोबर बाळाजी विश्वनाथ व खंडेराव दाभाडे फौज घेऊन दिल्लीस गेले. फेब्रुवारी १७१९च्या अखेरीस बादशहा पदच्युत झाला. त्या गडबडीत दिल्लीच्या रस्त्यांवर दीड-दोन हजार मराठे कापले गेले. संताजी भोसले आणि नाना फडणिसांचे आजोबा बाळाजी महादेव भानू त्यांतच पडले. मार्चमध्ये तीन हक्कांच्या सनदा हाती आल्या: स्वराज्य, चौथ, सरदेशमुखी. ही किंमत चुकवून मिळालेला कागद आहे, हे विसरून त्याला नुसती दरबारी देणगी म्हणणे चूक होय.

हिशेब कसा चाले हे एका महालावरून, म्हणजे वसुलीच्या एका विभागावरून, नीट कळते. महालाचा तनखा, म्हणजे ठरीव सारा, १०,००० रुपये धरू. सरदेशमुखी १,०००, ती सरळ छत्रपतींची. चौथ २,५००. तिचा चौथा हिस्सा, ६२५ रुपये, ‘राजबाबती’ म्हणून सरकारात जाई. उरलेल्या १,८७५ रुपयांना ‘मोकासा’ म्हणत, पण मोकाशाच्या, म्हणजे ज्या सरदाराला तो हक्क दिला त्याच्या, हाती तेवढे पडत नसत. त्यातून पूर्ण चौथीवर शेकडा ६ प्रमाणे १५० रुपये ‘साहोत्रा’ म्हणून पंत सचिवाला, आणि शेकडा ३ प्रमाणे ७५ रुपये ‘नाडगौडा’ म्हणून छत्रपती ज्याला नेमून देतील त्याला. राहिलेले १,६५० रुपये, म्हणजे चौथीचे शेकडा ६६, हा ‘ऐन मोकासा’. त्यावर सरदाराने पागा व पथक पोसायचे. चौथ वजा जाता जे शेकडा ७५ उरे त्याला मराठी दप्तरात ‘जहागीर’ म्हणत.

यातली खरी मेख ‘तनखा’ या शब्दात आहे. तनखा म्हणजे जुन्या पाहणीने कागदावर ठरलेला आकार. ६ सुभ्यांचा तो सुमारे १८ कोटी ५ लाख रुपये होता. पंचवीस वर्षांच्या लढायांनी उजाड झालेल्या मुलखातून त्याच्या निम्मेही वसूल होणे कठीण. तरी चौथ मागायची ती तनख्यावर, प्रत्यक्ष वसुलावर नव्हे. म्हणून बाकी कधी फिटत नसे आणि बाकी आहे तोवर फौज पाठवायला कारण राही. महालावर आपले कमाविसदार (वसुली अंमलदार) बसवण्याचा आग्रहही त्यासाठीच: मोगली अंमलदाराचा हिशेब शेजारी बसून तपासता येई.

मुलूखही वाटून दिले होते. पेशव्याकडे खानदेश व बालाघाटाचा काही भाग, सेनापतीकडे बागलाण व गुजरात, ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब असलेल्या कान्होजी भोसल्याकडे वऱ्हाड व गोंडवन, सरलष्कराकडे औरंगाबादेसह गंगथडी (गोदावरीकाठ), फत्तेसिंग भोसल्याकडे कर्नाटक, प्रतिनिधीकडे हैदराबाद व बीदर. शिवाय एकाच्या मुलखात दुसऱ्याचा मोकासा अथवा बाब ठेवलेली असे, जेणेकरून कोणी एकटा मालक होऊ नये. योजना चतुर होती, पण तिचे तोटे लवकर दिसले. एकेका गावावर चार-पाच हक्कदारांचे कारकून येऊ लागले, हिश्शांचे तंटे साताऱ्याला येऊन पडले. फौज दाराशी आली की ‘घासदाणा’, म्हणजे घोड्यांच्या चाऱ्यादाण्याची वसुली, निराळा. या साऱ्याचा भार अखेर रयतेवर पडे.

मोगल आणि मराठे या दोघांचे अंमलदार एकाच महालावर असत, त्याला ‘दुअंमली’ म्हणत. निजामाला ती सतत सलत होती. १७२७ मध्ये त्याने वसूल रोखला आणि कारण दिले की छत्रपती शाहू की त्यांचे चुलतभाऊ कोल्हापूरचे संभाजी हे ठरल्याशिवाय पैसा कोणाला द्यायचा? प्रश्न वरवर रास्त, हेतू मात्र भाऊबंदकी पेटवण्याचा. फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला बाजीरावाने त्याला पाण्यावाचून कोंडले आणि मार्चमधील मुंगी-शेवगावच्या तहात हे हक्क पुन्हा कबूल करून घेतले. गुजरातच्या चौथीवरून पेशवा व सेनापती यांच्यातच फूट पडली. १ एप्रिल १७३१ रोजी डभईच्या लढाईत सेनापती त्र्यंबकराव दाभाडे मारला गेला. मुलखाची वाटणी करून मिटवलेला कलह असा सीमेवर पुन्हा उभा राहिला.

हेच सूत्र पुढे माळवा, बुंदेलखंड व बंगालपर्यंत गेले. बंगालची चौथ १७५१ मध्ये सालीना १२ लाख ठरली. निजामाकडील थकलेली चौथ हे १७९५च्या खर्ड्याच्या लढाईचे मुख्य कारण होते. इंग्रजांनी मराठी सत्तेचे पंख छाटताना हे हक्क आधी धरले: १८१७च्या पुणे तहात नर्मदेच्या उत्तरेकडील हक्क पेशव्याला सोडावे लागले. या हक्कांची आठवण देणारी मोकाशी व सरदेशमुख ही आडनावे अजून आढळतात.