आधी जमीन, मग शिपाई

टेबलावरच्या युद्धखेळासाठी मिनिएचर, म्हणजे बोटभर उंचीचे शिपाई, रंगवणं हा परदेशी छंद आहे, असं बेळगावातही सहज म्हटलं जातं. खेळाचे नियम बाहेरून आले हे खरंच आहे. पण त्या खेळाला लागणारं निम्मं हातकाम खानापूर-निपाणीपासून शहापूर-वडगावच्या गल्ल्यांपर्यंत दर दिवाळीत पोरं करतच आली आहेत. किल्ला बांधलेल्या हाताला टेरेन, म्हणजे टेबलावर उभी केलेली छोटी रणभूमी, नवं वाटायचं कारण नाही.

या खेळाचा उगम प्रशिया या जुन्या जर्मन राज्यात सापडतो. गेओर्ग फॉन राइसविट्झ यांनी सुरुवातीला ओल्या वाळूत डोंगर-दऱ्या उठवून त्यावर लाकडी ठोकळे फिरवले. १८१२ साली राजा फ्रीडरिश विल्हेल्म तिसरा याला दाखवण्यासाठी त्यांनी एक खास टेबल करून घेतलं. नदी, रस्ता, चढण असे प्लास्टरचे रंगवलेले चौकोनी तुकडे हवे तसे जुळवून रणभूमी मांडता येत असे. म्हणजे टेरेन पहिल्या दिवसापासून होतं, शिपाई मात्र अजून ठोकळाच होता. पुढे त्यांच्या मुलाने १८२४ मध्ये हा खेळ १:८००० प्रमाणाच्या नकाशांवर आणला. अधिकाऱ्यांच्या शिक्षणाला ते सोयीचं पडलं, पण डोंगर टेबलावरून गेले. मला ते नुकसानच वाटतं. नकाशावरची चढण वाचावी लागते, उठावाची चढण नुसती दिसते. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असलेल्या बेळगावात हे निराळं सांगायला नको. मुलूख समजावून द्यायला सैन्यात आजही वाळूचं सँड मॉडेल मांडतात.

शिपाई आला तो खेळण्यांच्या बाजारातून. न्यूरेंबर्गचे कारागीर कथलाचे चपटे सैनिक ओतत. लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ पासून पोकळ सैनिक काढले: साच्यात वितळलेलं शिसं ओतायचं, कडेचा थर धरला की उरलेलं ओतून काढायचं. शिसं वाचलं, किंमत उतरली. नंतर प्लास्टिक आलं, आणि १९८३ च्या वॉरहॅमर या टेबलावरच्या युद्धखेळानंतर मिनिएचर रंगवणं हा खेळाइतकाच मोठा छंद झाला.

आता आपल्याकडचं. ज्येष्ठी अमावस्येला, म्हणजे मण्णेत्तिन अमावास्येला, उत्तर कर्नाटकात घरोघरी मातीच्या बैलांची जोडी पुजतात. दिवाळीत अंगणात शेणाचे पांडव बसतात. भाषा मराठी असो वा कानडी, बोटभर आकृती घडवायची सवय या भागाला जुनीच. त्यात दिवाळीचा किल्ला. विटा आणि दगड रचून सांगाडा, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, वर मातीचा हात, मग तटबंदी, बुरूज, पायऱ्या, आणि हिरवळीसाठी पेरलेले हळीव. परदेशी टेरेनवाला थर्माकोलचा सांगाडा करतो, त्यावर पांढऱ्या गोंदाने वाळू चिकटवतो आणि शेवटी नकली गवत लावतो. सामान वेगळं, क्रम तोच.

मातीचं ज्ञान तर आपलं जास्त. खानापूरकडची तांबडी माती नीट बसते. अथणी-रायबागची काळी माती वाळताना आकसते आणि तटाला भेगा पाडते. तिच्यात भुसा किंवा शेण मिसळावं लागतं. हीच तांबडी माती बारीक चाळून मिनिएचरच्या बेसवर, म्हणजे पायाखालच्या चकतीवर, फेव्हिकॉलने बसवली तर जांभ्याच्या मुलखाचा रंग आपोआप मिळतो, वेगळा डबा विकत घ्यावा लागत नाही.

मावळ्यांकडेही जवळून पाहावं. दोन साचे जिथे जुळतात तिथे कडेने एक शिवण राहते, ती बहुतेक जण तशीच ठेवतात. मिनिएचरवाला ती ब्लेडने खरवडतो, रंग धरण्यासाठी प्रायमरचा पहिला थर मारतो, मूळ रंग देतो, मग पातळ गडद रंग अंगरख्याच्या चुण्यांत सोडतो आणि कोरड्या ब्रशने उंचवटे उजळतो. कुंभाराच्या मावळ्याला मुंडासं, मिशी आणि डोळा एवढ्यावरच जीव येतो. शेवटचा डोळा काढताना मात्र दोघेही श्वास रोखून धरतात.

खरा फरक मापात आहे. किल्ल्यावर आकार मानाने ठरतो: सिंहासनावरचे महाराज महादरवाजापेक्षा मोठे असतात आणि तेच योग्य दिसतं, कारण तो किल्ला बघायला आणि मिरवायला असतो. युद्धखेळात शिपायाला तटाआड लपता यायला हवं, तोफेचा पल्ला पट्टीने मोजायचा असतो. तिथे माप पाळावंच लागतं. २८ मिलिमीटरचा शिपाई म्हणजे साधारण १:६० चं प्रमाण. रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर. त्या हिशेबाने टेबलावर साडेतेरा मीटरचा डोंगर उभा करावा लागेल. पण त्याच्या महादरवाजाचे बुरूज ६५ ते ७५ फुटांचे, म्हणजे टेबलावर फूट-सव्वा फुटाचे. तेवढा दरवाजा, पुढची वळणाची वाट आणि दोन्ही बाजूंचा तट एका टेबलावर नीट मावतो. लढाई मांडायला त्याहून जास्त गड लागतही नाही.