सियाझ का थांबली? वऱ्हाडातून दिसलेली पार्श्वभूमी

मारुतीने एप्रिल 2025 मध्ये सियाझ या सेडानचं, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेल्या लांब गाडीचं, उत्पादन बंद केल्याचं सांगितलं, तेव्हा आमच्या भागात कुणाला फारसं नवल वाटलं नाही. यवतमाळ-वाशीम पट्ट्यात नवी सियाझ दिसणं त्याआधीच दुर्मीळ झालं होतं. जुन्या मात्र भरपूर आहेत, आणि त्यातल्या बहुतेक डिझेल. जिनिंगवाले, कृषी केंद्रवाले, जिल्हा परिषदेच्या शाळेतले नवराबायको दोघं शिक्षक, हा तिचा इकडचा गिऱ्हाईक.

बलेनो सेडान आणि मग 2007 ची एसएक्स4, या दोघींच्या जागेवर ऑक्टोबर 2014 मध्ये सियाझ आली. दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत 6.99 लाखांपासून 9.80 लाखांपर्यंत. लांबी 4490 मिमी, दोन चाकांमधलं अंतर 2650 मिमी, डिकी 510 लिटर. दिवाळीनंतर पुण्याला परतणाऱ्या लेकीच्या सामानात तुरीच्या डाळीचा कट्टा, ज्वारीची चुंगडी अन् वर बॅगा, एवढं सगळं त्या डिकीत बसायचं आणि मागची काच मोकळी राहायची. मागच्या सीटवर धोतरातले आजोबा पाय पसरून बसले तरी पुढच्या सीटला गुडघा लागत नसे. या बाबतीत तिच्याहून महागड्या गाड्याही मागे पडायच्या.

इंजिनं दोन. 1.4 लिटरचं पेट्रोल, ताकद 92 पीएस (म्हणजे अश्वशक्ती). आणि 1248 सीसीचं फियाटच्या तंत्रज्ञानाचं डिझेल, 90 पीएस आणि 200 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढीचा जोर. हेच डिझेल स्विफ्टमध्ये, डिझायरमध्ये, टाटाच्या आणि फियाटच्या गाड्यांमध्येही होतं. त्यामुळे पुसद-दिग्रसच्या मेकॅनिकचा हात त्यावर आधीच बसलेला. सप्टेंबर 2015 मध्ये त्याला एसएचव्हीएस ही सौम्य हायब्रिड जोड, म्हणजे बॅटरीची थोडी मदत, मिळाली आणि कागदावरचं मायलेज लिटरला 26.21 वरून 28.09 किमीवर गेलं. गाडी उभी राहिली की इंजिन आपोआप बंद व्हायचं, ही त्यातली मोठी करामत. आता ज्या तालुक्याच्या गावाला सिग्नलच नाही तिथे तिचा उपयोग किती, ते सांगायला नको. फायदा होता तो इलेक्ट्रिक-हायब्रिड गाड्यांसाठीच्या केंद्राच्या फेम योजनेतल्या 13,000 रुपयांच्या सवलतीचा, अन् तीही 2017 च्या मार्चअखेर गेली.

सियाझ बाजारात आल्यावर दोनच आठवड्यांत, 18 ऑक्टोबर 2014 ला, केंद्राने डिझेलचे दर नियंत्रणमुक्त केले. पेट्रोल आणि डिझेलच्या भावात मोठी दरी असताना ‘रनिंग जास्त असेल तर डिझेलच घ्या’ हा हिशेब पक्का होता. ती दरी हळूहळू बुजत गेली. त्यात महाराष्ट्रात डिझेल गाडीला रस्ता कर दोन टक्के जास्त, म्हणजे दहा लाखांच्या आत पेट्रोलला 11 तर डिझेलला 13 टक्के.

पण माझ्या मते सियाझला इकडे खरं मारलं ते घरच्याच गाडीने. मार्च 2016 मध्ये मारुतीचीच छोटी एसयूव्ही, विटारा ब्रेझा, आली. इंजिन तेच 1248 सीसीचं, 90 पीएसचं. सुरुवातीची किंमतही 6.99 लाखच. लांबी 3995 मिमी, कारण 2006 पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाडीला कमी कर लागतो. जीएसटी आल्यावर हा फरक आणखी डोळ्यांवर आला: 2017 च्या सप्टेंबरपासून 2025 च्या सप्टेंबरपर्यंत सियाझसारख्या मध्यम गाडीवर उपकरासह 45 टक्के, तर चार मीटरच्या आतल्या डिझेल गाडीवर 31 टक्के कर होता.

आणि जमिनीपासूनची उंची: सियाझ 170 मिमी, ब्रेझा 198 मिमी. म्हणायला 28 मिमीचा फरक. पण डांबरी रस्ता सोडून शेताकडे पांदणीला लागलं, अन् पावसाळ्यात काळ्या मातीत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडून मधला उंचवटा वाळून दगड झाला, की तोच फरक पोटाखाली खर्रकन वाजतो. गावोगावच्या ब्रेकरांचं तर विचारूच नका. ते कोणत्या नियमात बसतात देव जाणे. मागे तिघं बसलेली सियाझ तिरपी घेऊनच त्यांवरून काढावी लागायची. इकडे गाडी पाहायला आलेला माणूस मायलेजच्या आधी ‘खाली लागते का हो?’ हेच विचारतो.

पुढचं थोडक्यात. एप्रिल 2017 पासून सियाझ मारुतीच्या महागड्या गाड्यांच्या नेक्सा दालनांत गेली. ऑगस्ट 2018 मध्ये 1.5 लिटरचं 105 पीएसचं पेट्रोल इंजिन आलं, किंमत 8.19 लाखांपासून. मार्च 2019 मध्ये मारुतीने स्वतः बनवलेलं 1.5 लिटरचं डिझेल बसवलं: 95 पीएस, 225 न्यूटन मीटर, सहा गिअर. चांगलं इंजिन होतं, पण बीएस-6 या धुराच्या कडक नियमांमुळे कंपनीने 1 एप्रिल 2020 पासून डिझेलच सोडून दिलं आणि ते जेमतेम वर्षभर टिकलं. त्यानंतर आमच्याकडच्या खरेदीदाराला सियाझकडे वळायचं कारण उरलं नाही. 2023 मध्ये ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) आणि हिल होल्ड (चढावर गाडी मागे जाऊ न देणारी) सगळ्या प्रकारांत दिले, एअरबॅग मात्र शेवटपर्यंत दोनच. अखेरच्या दिवसांत किंमत 9.41 लाखांपासून सव्वाबारा लाखांच्या आसपास होती. त्या पैशात लोक एसयूव्हीच घेणार.

गंमत अशी की सेडानला शोभेल असा रस्ता विदर्भाला मिळाला तो नंतर. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला, आणि पूर्ण 701 किमी जून 2025 मध्ये, म्हणजे सियाझ थांबल्यावर दोन महिन्यांनी. कारंजा किंवा वाशीमकडच्या मालेगावहून त्यावर चढलं की ठेंगणी, लांब गाडी किती शांत पळते ते कळतं.

जुनी डिझेल सियाझ पाहत असाल तर इंजिनाला टायमिंग चेन आहे, ठराविक किलोमीटरला बेल्ट बदलायचा खर्च नाही. दिल्लीकडचा दहा वर्षांचा डिझेल नियम आपल्याकडे लागू नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते, मग तपासणी करून नूतनीकरण. म्हणजे 2015 ची गाडी 2030 पर्यंत निर्धास्त. फक्त घेण्याआधी रॅम्पवर चढवून पोट पाहून घ्या.