सेल्फचा रिले की सोलेनॉइड?

चावी फिरवली आणि सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) लागला नाही, की ‘सोलेनॉइड गेला’ असं निदान पटकन होतं. आधी रिले तपासा. तो स्वस्त असतो आणि हाताने काढता येतो.

रिले म्हणजे फ्यूज बॉक्समधला छोटा चौकोनी डबा. चावीकडून ८५-८६ पिनांमधल्या कॉइलला जेमतेम ०.२ अँपिअर करंट मिळतो. मग आतून ३० आणि ८७ नंबरच्या पिना जोडल्या जातात आणि सोलेनॉइडच्या ५० नंबर टर्मिनलला वीज पोहोचते. रिलेचं काम एवढंच.

सोलेनॉइड सेल्फच्या अंगावर बसलेला असतो आणि दोन कामं करतो. त्याचा प्लंजर (आतला सरकता लोखंडी दांडा) आत खेचला गेला की फोर्क नावाचा तरफ पिनियनला, म्हणजे मोटरच्या छोट्या दातेरी चाकाला, इंजिनाच्या फ्लायव्हीलच्या दातेरी रिंगमध्ये ढकलतो. शेवटी तांब्याची चकती दोन जाड बोल्ट जोडते आणि बॅटरीतून थेट मोटरला करंट जातो, छोट्या पेट्रोल कारमध्ये साधारण १०० ते २०० अँपिअर. त्याच क्षणी खेचणाऱ्या कॉइलच्या दोन्ही टोकांना सारखाच व्होल्टेज येतो, म्हणून ती आपोआप बंद पडते. प्लंजर धरून ठेवायला दुसरी, हलकी कॉइल उरते.

‘कट-कट-कट’ का होतं, ते इथे कळतं. बॅटरी कमजोर असली की चकती टेकताच व्होल्टेज कोसळतो, कॉइलची पकड सुटते, भार जातो, व्होल्टेज वर येतो आणि प्लंजर पुन्हा खेचला जातो. इथे सोलेनॉइड बदलून काहीच साधत नाही. टर्मिनल घासून साफ करा आणि बॅटरी मोजा: इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली नको.

एकच जोरदार ‘खट’ आला आणि मोटर फिरली नाही, तर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून, चावी फिरवलेली असताना सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांमध्ये व्होल्टमीटर लावा. जवळपास १२ व्होल्ट दिसले तर आतले कॉन्टॅक्ट जळालेत. व्होल्टेज जेमतेम ०.३ पर्यंत असेल आणि मोटरच्या बोल्टला पूर्ण वीज पोहोचत असेल, तर मोटरच्या आत वीज पोहोचवणारे कार्बन ब्रश पाहा.

काहीच आवाज नसेल तर ५० नंबरवर मोजा. तिथे वीज येत नसेल तर रिले, त्याचा फ्यूज, क्लच स्विच (क्लच दाबल्यावरच सेल्फला वीज देणारा) तपासा. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा आणि त्याच पिनांचा असेल तर तो लावून बघा. वीज पूर्ण येते आणि तरी शांतता, तर इंजिनाची अर्थ केबल (इंजिन बॅटरीच्या निगेटिव्हला जोडणारी) तपासा, आणि ती ठीक असेल तर सोलेनॉइड.

बाइकमध्ये मात्र जाड केबल रिलेतूनच जाते आणि मोटर वन-वे क्लचमधून (एकाच दिशेने जोर देणाऱ्या क्लचमधून) इंजिनाला कायम जोडलेली असते, पिनियन ढकलायचा नसतो. कॉन्टॅक्टची मीटरवाली चाचणी तिथे रिलेच्या जाड बोल्टांवर करायची.