कुंभारीण गुणगुणते ती कुणासाठी?

परवा सांगलीत, विश्रामबागेतल्या एका कीर्तनात पुन्हा तोच दृष्टान्त ऐकला. कुंभारीण माशी अळी धरून आणते, मातीच्या घरात कोंडते, बाहेरून गुंगुं करत राहते आणि त्या ध्यासाने अळीचीच कुंभारीण होते. दृष्टान्त म्हणून गोड आहे, माझी तक्रार नाही. पण शेजारचे काका कानाशी लागून म्हणाले, "सायन्सनंपण मान्य केलंय बरं का हे!" तिथे मात्र राहवेना.

आमच्या मीटरच्या पेटीवर यंदा कुंभारणीने घर केलं होतं. स्केलिफ्रॉन हे तिचं शास्त्रीय नाव. काळी-पिवळी, कंबर म्हणजे नुसता दोरा. बागेतल्या नळाखालच्या चिखलाची गोळी जबड्यात धरून आणायची. गोळी लावताना आवाज एकदम चढा, किरकिरा व्हायचा आणि गंमत म्हणजे तेव्हा पंख मिटलेले असायचे! उडायचे स्नायू ती पंख न हलवता थरथरवते. ती थरथर डोक्यातून जबड्यात, जबड्यातून चिखलात उतरते. स्लॅब टाकताना काँक्रीटमध्ये व्हायब्रेटर खुपसतात, तीच युक्ती. कंपनाने मातीच्या कणांची एकमेकांवरची पकड सुटते, चिखल क्षणभर पातळ होऊन जुन्या कडेत मुरतो. थरथर थांबली की कण पुन्हा अडकून बसतात. सांधा पक्का. म्हणजे ते गुंगुं अळीसाठी नव्हे, मातीसाठी.

एक ताजी खोली सुरीने उघडली. अळीचा पत्ता नाही. आत अकरा कोळी, डंखाने लुळे पडलेले. एकाच्या पोटाला तांदळाच्या कणीएवढं पांढरट अंडं चिकटलेलं. दोन-तीन दिवसांत त्यातून अळी निघाली आणि कोळी खायला लागली. घर फोडल्यावर लोकांना दिसते ती ही अळी. कुठून धरून आणलेली नाही, कुंभारणीचंच लेकरू. पोट भरलं की ती तपकिरी कोश विणते.

उरलेल्या पाच खोल्या खरवडून बरणीत ठेवल्या, तोंडाला मलमल बांधली. महिन्याभरात चार कुंभारणी निघाल्या. पाचवीतून निघाली मोरपिशी, लखलखीत निराळीच माशी. ही स्वतः घर बांधत नाही. कुंभारणीची बंद खोली गाठून आत अंडं घालते आणि हिची अळी घरच्या अळीलाच खाऊन टाकते.

त्या पाचव्या खोलीवरही कुंभारीण तितकंच गुणगुणली होती.