वेदना आणि तृष्णा: एक कडी पुढे, एक कडी मागे

ध्यानाबद्दल बोलताना एक वाक्य वारंवार कानावर येतं: 'काही वाटूनच घ्यायचं नाही, हीच बुद्धांची शिकवण.' या वाक्याचा मला मनापासून राग येतो. ते ऐकून माणसं स्वतःला दगड करायला बसतात, ते जमत नाही म्हणून खचतात आणि शेवटी साधनाच सोडतात. मुळात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. एक वेदना, दुसरी तृष्णा.

तृष्णेबद्दल फार सांगायची गरज नाही. दुःखाचं कारण म्हणून दुसऱ्या आर्यसत्यात तीच येते आणि कामतृष्णा (इंद्रियसुखाची), भवतृष्णा (काहीतरी होण्याची, असण्याची) आणि विभवतृष्णा (नाहीसं होण्याची) हे तिचे तीन प्रकार बहुतेकांना पाठ असतात. फक्त तिसरा प्रकार पाठ असूनही विसरला जातो. 'हे नको, हे नाहीसं होऊ दे' ही ओढसुद्धा तृष्णाच आहे. गुडघा दुखायला लागल्यावर ते दुखणं घालवण्यासाठी दात-ओठ खाऊन बसणाऱ्याला वाटतं की आपण तृष्णेशी लढतोय.

वेदना म्हणजे इथे नुसतं दुखणं नव्हे. सुखद, दुःखद आणि दोन्ही नाही अशी, कुठल्याही अनुभवाला असणारी चव म्हणजे वेदना. डोळा, रूप आणि चक्षुविज्ञान (डोळ्याने होणारी जाणीव) एकत्र आले की स्पर्श, म्हणजे इंद्रियाचा विषयाशी संपर्क, होतो आणि स्पर्श झाला की वेदना होतेच. त्या क्षणी तुमची परवानगी कुणी विचारत नाही. दुःख कशातून कसं उपजतं हे सांगणाऱ्या बारा कड्यांच्या साखळीत, म्हणजे प्रतीत्यसमुत्पादात, वेदना सातवी आणि तृष्णा आठवी. अगदी शेजारी असल्यामुळेच घोटाळा होतो.

खरी मेख या दोन कड्यांच्या मधे आहे. 'वेदनेमुळे तृष्णा' हे वाचून अनेकजण असं गृहीत धरतात की वेदना झाली की तृष्णा अटळ, म्हणजे वेदनाच थांबवली पाहिजे. पण वेदना नसेल तर तृष्णा उपजणार नाही, एवढंच ते सूत्र सांगतं. वेदना झाली की तृष्णा झालीच पाहिजे, असं ते म्हणत नाही. चूळवेदल्ल सुत्तात (सुत्त म्हणजे पाली ग्रंथांतला उपदेश) उपासक विशाख नेमका हाच प्रश्न धम्मदिन्ना थेरीला, म्हणजे ज्येष्ठ भिक्खुणीला, विचारतो. सुखद वेदनेत रागाची (इथे राग म्हणजे संताप नव्हे, आसक्ती), दुःखद वेदनेत द्वेषाची आणि तिसरीत अविद्येची सुप्त प्रवृत्ती दडलेली असते, असं ती आधी सांगते. मग तो विचारतो, प्रत्येक सुखद वेदनेत राग असतोच का? ती म्हणते, नाही. पहिल्या ध्यानातल्या, म्हणजे एकाग्रतेच्या पहिल्या पायरीवरच्या, सुखात ती रागाची प्रवृत्ती नसते. विशाखाने हा सगळा संवाद बुद्धांना सांगितला, तेव्हा मीही हेच उत्तर दिलं असतं, असं ते म्हणाले. माझ्या मते हा संवाद वाचल्याशिवाय या विषयावर कुणी शिकवूच नये.

सल्ल सुत्तातले दोन बाण सगळ्यांना आठवतात, पण त्याचा अर्थ अर्धाच सांगितला जातो. शरीराला लागलेला पहिला बाण शहाण्या श्रावकालाही, म्हणजे बुद्धांच्या शिष्यालाही, लागतो. मनाला लागणारा दुसरा मात्र त्याला लागत नाही. खुद्द बुद्धांच्या पायात दगडाची कपची घुसली तेव्हा राजगृहाजवळच्या मद्दकुच्छीत त्यांना तीव्र वेदना झाल्या. त्या त्यांनी स्मृती (म्हणजे सजगता) राखून, न डगमगता सोसल्या. वेदना थांबवणं हेच ध्येय असतं, तर या प्रसंगाला काही अर्थच उरला नसता.

आता निवडीचं बघू. बैठकीत कुणी तुमचं बोलणं मधेच तोडलं. आवाज कानावर आला, अप्रिय वाटलं. इथपर्यंत वेदना. पुढच्या क्षणी 'हा मला नेहमीच कमी लेखतो' असं मनात उमटतं आणि त्यानंतर तो माणूस जे काही बोलेल ते तुम्हाला त्याच रंगात दिसायला लागतं. मधुपिंडिक सुत्तात बुद्धांचे शिष्य महाकच्चान हाच क्रम मांडतात: जे जाणवतं ते ओळखलं जातं, जे ओळखलं त्यावर विचार होतो, विचारातून पसारा वाढतो आणि तो पसारा मग माणसावरच चालून येतो. आता तुम्ही उलट टोमणा मारला, तर ती निवड तुम्ही केलीत असं तुम्हाला वाटेल, पण ती त्या पसाऱ्याने केलेली असते. 'अप्रिय वाटतंय' एवढंच ओळखून थांबता आलं, तर तिथे खरोखर निवडायला जागा असते. स्मृतिप्रस्थानात, म्हणजे सजगतेच्या साधनेत, वेदनेला स्वतंत्र स्थान आहे ते याचसाठी.

एक आक्षेप हमखास येतो: मग मुक्तीची इच्छा ही तृष्णा नाही का? कोसंबीच्या घोषिताराम विहारात उण्णाभ ब्राह्मणाने बुद्धांचा शिष्य आनंद याला जवळपास हेच विचारलं होतं. इच्छेनेच इच्छा सोडायची म्हटलं तर याला अंतच नाही, असं त्याचं म्हणणं. आनंदाने उलट विचारलं: इथे यायची इच्छा तुला होती ना? आणि पोहोचल्यावर ती शमली ना? उण्णाभ हो म्हणाला. मुक्तीची इच्छाही तशीच, पोहोचल्यावर शमणारी.