मोरी घासली, आता जेवायला बसा

मे महिन्यात कोल्हापूरचा एक मित्र आमच्याकडे मालवणला आला होता. पाहुणा घाटावरचा म्हणून आई मालवणी सोडून एकदम शुद्ध मराठीत शिरली आणि म्हणाली, "मोरीवर कडकडीत पाणी ओतलं, खसाखसा घासून काढली, आता अजिबात वास नाही यायचा. बसा, वाढते." मित्राचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याच्या घरी मोरी म्हणजे आंघोळीची, भांडी घासायची जागा. आमच्याकडे तिला न्हाणी म्हणतात आणि मोरी म्हणजे छोटा शार्क मासा!

गंमत म्हणजे आईचं एकही वाक्य चुकलं नव्हतं. शार्कच्या अंगावर दातांसारखे बारीक बारीक खवले असतात, कातडी पॉलिश पेपरसारखी खरखरीत लागते, म्हणून गरम पाणी ओतून घासावीच लागते. आणि वास येतो कारण या माशाच्या अंगात युरिया भरपूर असतो, मासा मेल्यावर त्याचा अमोनिया होतो. म्हणजे पाणी, घासणं, वास, सगळे क्लू दोन्ही मोऱ्यांना फिट्ट बसणारे, आणि शेवटी एकदम "वाढते".

आता अशा वेळी डोक्यात काय होतं? आपल्याला वाटतं की संदर्भ बघून मेंदू बरोबर तेवढाच अर्थ उचलतो. तर तसं नाहीये. 1979 मध्ये डेव्हिड स्विनी या संशोधकाने एक प्रयोग केला, त्यात लोकांना इंग्रजी वाक्यं ऐकवली ज्यात 'बग' हा शब्द होता, ज्याचा अर्थ किडा पण होतो आणि चोरून ऐकायचं यंत्र पण. वाक्यात कोळी, झुरळं असं सगळं स्पष्ट सांगितलेलं असायचं, तरीही 'बग' ऐकल्याबरोबर समोर स्क्रीनवर 'गुप्तहेर' या अर्थाचा शब्द आला तर लोक तो झटकन ओळखायचे. म्हणजे नको असलेला अर्थसुद्धा उघडला होता! आणखी तीनच अक्षरं पुढे गेल्यावर तपासलं तर तो गायब, फक्त किडा शिल्लक. म्हणजे दोन दारं उघडतात आणि एक लगेच बंद होतं, आपल्याला पत्ताही लागत नाही. कोटी करणारा माणूस काय करतो, तर ते बंद झालेलं दार परत धाडकन उघडतो.

न जुळणारा शब्द आला की मेंदू कसा दचकतो ते मोजताही येतं. 1980 मध्ये मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी लोकांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून "त्याने गरम पावाला मोजे लावले" अशा छापाची वाक्यं वाचायला दिली, तर 'मोजे'नंतर साधारण 400 मिलिसेकंदांनी मेंदूतल्या विजेच्या आलेखात एक ठळक लाट दिसली. तिला एन400 म्हणतात. आमच्या मित्राला "वाढते" ऐकून केवढी लाट आली असेल देव जाणे.

पण आई का नाही हसली? तिच्या डोक्यात दुसरं दारच नाही ना! कुठला अर्थ वरती बसणार हे माणूस आयुष्यभर काय करतो त्यावर ठरतं. जेनिफर रॉड आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये हे होड्या वल्हवणाऱ्या खेळाडूंवर तपासलं. रोज वापरातले पण रोइंगमध्ये वेगळा अर्थ असलेले शब्द त्यांना दिले, तर त्यांना इतरांपेक्षा रोइंगचेच अर्थ जास्त सुचले. आमच्याकडे हे बघायला लॅब लागत नाही, कोळीवाड्यात "उद्या पहाटे भरती आहे" म्हणा, म्हातारा होडी किती वर ओढायची ते बघेल आणि त्याचा नातू पोलीस भरतीचा फॉर्म काढेल. फणसवाल्याला "कापा आहे का?" विचारलं तर तो आतून कडक गऱ्यांचा फणस दाखवतो, आणि पाहुण्याला वाटतं की सुरी मागतायत (मऊ गऱ्यांच्या बरक्या फणसाच्या बाबतीत ही सोय नाही, बरका बिचारा बरकाच).

मित्राने मोरी खाल्ली, दोनदा मागून खाल्ली. निघाला तेव्हा मी स्टँडवर जाऊ शकलो नाही म्हणून दोन-अडीच तासांनी फोन करून विचारलं, "काय रे, गाडी लागली का वेळेवर?"

पलीकडून मेलेला आवाज आला, "लागली ना... घाटाच्या दुसऱ्याच वळणावर."